चढून उतरणारे पाणी

परसातील हौद, देवळाच्या आवारातील कमळांचे टाके, किंवा अलीकडे धनिकांच्या बंगल्यांतून दिसू लागलेले उष्णोदकाचे स्नानकुंड, यांपैकी एखाद्याच्या तळाशी तोटी बसविण्याची तजवीज बांधणाऱ्याने केलेली नसली आणि ते रिकामे करण्याचा प्रसंग आला, म्हणजे गृहस्थास मोठी विवंचना पडते. कारण बादल्यांनी पाणी उपसावे तर कंबर खर्ची पडते, आणि पंप भाड्याने आणावा तर पैसा. वास्तविक तिसरा उपाय त्याच परसात वेटोळे होऊन पडलेला असतो. झाडांना पाणी घालण्याची रबरी नळी पाण्याने काठोकाठ भरावी, तिचे एक टोक हौदात बुडवावे, मधला भाग काठावरून बाहेर टाकावा आणि दुसरे टोक हौदातील पाण्याच्या पातळीहून खाली, उताराच्या जमिनीवर नेऊन सोडावे. एवढे झाले की पाणी प्रथम काठापर्यंत चढते, काठ ओलांडून उतरते आणि हौदाचा तळ दिसू लागेपर्यंत कोणाच्याही हातभाराखेरीज वाहत राहते. शाळेच्या पुस्तकांत ह्या योजनेला वक्रनलिका म्हणतात. नळकाम करणारे आणि कालव्यावरचे शेतकरी हिला सायफन म्हणतात.

पाहणाऱ्याच्या मनात येथे शंका उभी राहते ती पाण्याच्या चढण्याविषयी. पाणी उताराकडे धावते हा प्रत्येकाचा लहानपणापासूनचा अनुभव. असे असता हौदातील पातळीपासून काठाच्या माथ्यापर्यंतची वीत-दीड वीत ते कोणाच्या हुकमाने चढते, हा प्रश्न अगदी रास्त आहे. क्रमिक पुस्तकांतून त्याचे एक ठरीव उत्तर पिढ्यानपिढ्या देण्यात आले : हवेचा दाब हौदातील पाण्यावर पडतो आणि तो पाण्यास नळीत वर लोटतो. परंतु हवा ज्या जोराने हौदातील पाण्यावर दाबते त्याच जोराने ती नळीच्या बाहेरच्या तोंडाशीही दाबते. किंबहुना ते तोंड थोडे खाली असल्यामुळे तेथील दाब केसभर अधिकच असावयाचा. दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा असता पाण्याने एकच दिशा का धरावी, ह्याचा खुलासा ह्या उत्तरातून होत नाही. ही गफलत शाळेपुरतीच होती असेही नाही. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने वक्रनलिकेच्या कार्याचे सारे श्रेय हवेच्या दाबाला दिलेले होते, आणि १९११ पासून चालत आलेल्या त्या व्याख्येवर २०१० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक स्टीफन ह्यूज यांनी बोट ठेवीपर्यंत कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही.

खरी कैफियत अशी आहे. विहिरीच्या कप्पीवरून एक जड दोर टाकला, आणि त्याची एक बाजू आखूड व दुसरी लांब राहिली, तर लांब बाजू आपल्या वजनाने खाली जाते आणि जाताना आखूड बाजूला वर ओढून नेते. आखूड बाजू वर चढते ती स्वतःच्या बळावर नव्हे. नळीतील पाण्याचेही तसेच होते. काठाच्या बाहेरचा पाण्याचा स्तंभ आतल्या स्तंभापेक्षा उंचीने जास्त असतो, तो गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, आणि त्याच्या मागोमाग आतले पाणी काठावर येते. हौदात बुडलेल्या नळीची लांबी येथे हिशेबात धरावयाची नाही. पाण्याच्या पातळीपासून माथ्यापर्यंतची उंची तेवढी धरावयाची. मात्र दोर आणि पाणी यांत एक भेद आहे, आणि त्या भेदातच हवेच्या दाबाचे स्थान आहे. दोर ओढला तरी तुटत नाही. नळीतील साधे पाणी, ज्यात हवा विरघळलेली असते आणि ज्याच्या कडांना सूक्ष्म बुडबुडे चिकटलेले असतात, असे ओढले असता माथ्याशी फाटू पाहते. त्याला फाटू न देता दोन्ही अंगांनी एकत्र दाबून धरण्याचे काम वातावरण करते. वाहून नेण्याचे कर्म गुरुत्वाकर्षणाचे, आणि प्रवाह अखंड राखण्याचा बंदोबस्त हवेच्या दाबाचा, अशी ही कामाची वाटणी आहे. ती एकदा मनात ठसली म्हणजे हौद रिकामा करताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

ही युक्ती अतिप्राचीन आहे. इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर कुंभांतून द्रव काढण्यासाठी वाकड्या नळ्या लावलेल्या चित्रित केल्या आहेत, आणि अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात रचलेल्या आपल्या वायुयंत्रांवरील ग्रंथात वक्रनलिकेचे नाना प्रकार वर्णिले आहेत. परंतु मराठी वाचकास अधिक जवळचा वाटावा असा उल्लेख भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथात आहे. त्यातील यंत्राध्यायात आचार्य सांगतात ते असे, की तांब्यासारख्या धातूची, अंकुशाप्रमाणे वाकविलेली नळी पाण्याने भरून तिची दोन्ही तोंडे बंद करावीत, एक तोंड जलपात्रात ठेवून दुसरे बाहेर खाली लोंबते ठेवावे, आणि मग दोन्ही तोंडे एकदम मोकळी करावीत. पात्रातील सर्व पाणी बाहेर निघून जाते. ही नळी शिल्पीजनांमध्ये कुक्कुटनाडी ह्या नावाने प्रसिद्ध आहे, असेही ते नमूद करतात. मला ह्या शेवटच्या शब्दांचे मोल फार वाटते. कारण ग्रहगणिताच्या ग्रंथात आलेली ही गोष्ट कारागिरांच्या नित्य व्यवहारातली होती, आणि आचार्यांनी ती त्यांच्याकडून आदरपूर्वक उचलली, ह्याची साक्ष त्यांत आहे. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापिला, आणि तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या मठातील विद्यार्थ्यांनी कुक्कुटनाडी करून पाहिली असेल, असे मानण्याचा मोह मला आवरत नाही.

कारागिरांच्या हातातून हीच नळी देवघरातही आली. वसुदेवाचा पेला म्हणून पितळेचे जे भांडे मिळते त्याच्या मध्यभागी, मस्तकावर बाळकृष्णाला घेतलेली वसुदेवाची मूर्ती असते. पेल्यात संथपणे पाणी ओतावे, ते वसुदेवाच्या गुडघ्यांवर, कमरेवर, छातीवर चढत जावे, आणि कृष्णाच्या पावलाला स्पर्श होताच यमुनेने वाट द्यावी तसे सगळे पाणी तळाच्या छिद्रातून निघून जावे, अशी ह्या भांड्याची करामत आहे. मूर्तीच्या पोटात एक वाकडी नळी दडविलेली असते : तिचे आखूड टोक पेल्याच्या तळाशी आतल्या बाजूस उघडते, लांब टोक तळ भेदून बाहेर जाते, आणि तिचा माथा बरोबर कृष्णाच्या पावलाच्या उंचीवर येतो. पाणी पावलाखाली असेतो नळीत ते तेवढेच चढते. माथा बुडाला की ते पलीकडे उतरू लागते आणि वक्रनलिका स्वतः होऊनच चालू होते. चाळींतील शौचकूपांवर टांगलेल्या, साखळी ओढून मोकळ्या करावयाच्या बिडाच्या टाक्यांतही तत्त्व हेच होते. साखळीच्या हिसक्याने थोडे पाणी माथ्यापलीकडे उडविले जाई, आणि राहिलेले त्याच्या पाठोपाठ जाई. राजापूरच्या गंगेच्या आगमन-निर्गमनाचा खुलासाही भूगर्भातील अशाच एखाद्या नैसर्गिक वक्रनलिकेने करण्याचा प्रघात आहे. ते अनुमान आहे; पण पेला एकदा भरून पाहिलेल्या मनुष्यास ते असंभाव्य वाटत नाही.

वक्रनलिकेला मर्यादा आहे हे मात्र युरोपात सतराव्या शतकात, आणि तेही एका फसलेल्या कामामुळे कळून आले. जिनोव्हा येथील जोव्हान्नी बात्तिस्ता बालियानी याने १६३० साली गॅलिलिओस पत्र लिहून विचारले, की सुमारे वीस मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठी घातलेली वक्रनलिका काही केल्या का चालत नाही. गॅलिलिओने उत्तर दिले ते असे, की फार लांब दोर जसा स्वतःच्याच भाराने तुटतो तसा पाण्याचा स्तंभही एका ठरावीक उंचीनंतर तुटतो. ह्या उत्तराने बालियानीचे समाधान झाले नाही. कारण हवेलाच वजन असून तिचा भार पाण्यास तोलून धरीत असावा, असा तर्क त्याने त्याच वर्षी उलट टपाली मांडला. पुढे रोममध्ये गास्पारो बेर्ती याने उंच नळी उभारून पाण्याचा प्रयोग केला, १६४४ मध्ये तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचे वर्तमान आपल्या मित्रास कळविले, आणि १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए ही पाऱ्याची नळी घेऊन प्यूइ द दोम हा डोंगर चढला, तेव्हा वर जावे तसा पारा खाली उतरतो हे सिद्ध होऊन बालियानीच्या तर्कावर शिक्कामोर्तब झाले.

ह्याच पास्कालने योजिलेला, त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विशेष सुंदर वाटतो. त्याने तीन पायांची काचेची नळी कल्पिली. दोन पाय कमी-अधिक उंचीवर ठेवलेल्या पाऱ्याच्या दोन वाट्यांत बुडविलेले, आणि तिसरा पाय वर उभा, हवेत उघडा. ही सारी मांडणी खोल पाण्यात उतरविली की बाहेरच्या पाण्याचा भार वाट्यांतील पाऱ्यावर पडतो, नळीच्या आत मात्र उघड्या पायातून फक्त हवा असते. पाणी पुरेसे खोल झाले म्हणजे पारा दोन्ही पायांत चढून माथ्याशी एकत्र होतो आणि वरच्या वाटीतून खालच्या वाटीत वाहू लागतो. वातावरणाच्या अदृश्य ओझ्याचे कार्य पाण्याच्या दृश्य ओझ्याकडून करवून घेऊन त्याने ते डोळ्यांपुढे मांडले. पारा चढविला पाण्याने. पण वरच्या वाटीतून खालच्या वाटीत तो गेला तो पातळीतील फरकामुळे, ही वाटणी येथेही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

समुद्रसपाटीवर वातावरणाचा भार सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. सबब हौदातील पातळीपासून नळीचा माथा तेवढ्या उंचीच्या आतच असला पाहिजे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच असल्यामुळे तेथे ही मर्यादा पावणेनऊ मीटरांच्या आसपास येते. पाणी ऊन असेल तर त्याची वाफ माथ्याशी लवकर धरते, आणि मर्यादा आणखी थोडी घटते. व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे आशा धरू नये. हवा काळजीपूर्वक काढून टाकलेल्या पाण्याने १५ मीटर उंचीची वक्रनलिका चालवून दाखविल्याचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे, आणि पाण्याला ताण सहन करण्याची स्वतःची शक्ती असते, म्हणजे गॅलिलिओची दोराची कल्पना अगदीच निराधार नव्हती, हे त्याने दाखविले. परंतु हौदातले पाणी तितके शुद्ध कोठून आणावे?

परसातल्या कामात काठ कंबरेइतकाही उंच नसतो, म्हणून तेथे प्रश्न उंचीचा नसतो. असतो तो नळीत हवा न राहू देण्याचा, आणि वेळेचा. नळी भरण्याची उत्तम रीत म्हणजे तिचे वेटोळे एकदम पाण्यात न टाकता एका टोकापासून हळूहळू बुडवीत न्यावे. आतील हवा दुसऱ्या टोकाने बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. बुडबुडे थांबले की एक टोक पाण्यातच राहू द्यावे, दुसरे तळहाताने घट्ट दाबून किंवा दुमडून काठावरून बाहेर आणावे, आणि ते पातळीहून खाली गेल्यावरच मोकळे करावे. हात घाईने अगोदर सुटला तर बाहेरच्या बाजूस हवा शिरते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. दुसरी रीत नळाची : नळी नळाच्या तोटीला जोडून हौदात पाणी सोडावे, हौदातील तोंडाशी बुडबुडे येईनासे झाले की तोटीजवळ नळी दुमडून धरावी, ती तोटीवरून काढावी आणि तेच टोक खाली जमिनीवर न्यावे. तोंडाने ओढण्याची तिसरी रीत रॉकेलच्या डब्यांपासून आपल्याकडे रूढ आहे, आणि ती टाकून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मूत्रातून येणारे रोगजंतू असू शकतात. आणि रॉकेल किंवा पेट्रोल ह्यांचा एखादा घोट श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते.

बागेची नळी ही आतल्या दाबाने फुगण्यासाठी घडविलेली असते. वक्रनलिकेत मात्र माथ्याशी आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि म्हणून स्वस्त, पातळ नळी काठावर, विशेषतः उन्हाने मऊ झाली असता, चपटी होऊन प्रवाह कोंडते. काठाची धार बोथट करण्यासाठी त्यावर गोणपाटाची चौपदरी घडी ठेवावी, आणि शक्य तर आत दोऱ्याची वीण असलेली जाड नळी वापरावी. भोकांचेही असेच उलटे होते. झाडांना पाणी घालताना जे भोक बाहेर ठिबकते, तेच माथ्यावर आले म्हणजे हवा आत घेते. थेंब न दिसल्यामुळे मनुष्य नळीला दोष देत नाही, आणि प्रवाह मात्र क्षीण होत होत थांबतो. फार संथ प्रवाहात पाण्यात विरघळलेली हवासुद्धा माथ्याशी सुटी होऊन साचते. अशा वेळी बाहेरचे टोक आणखी खाली नेऊन वेग वाढविला की तो साठा वाहून जातो. हौदातील टोकाला एक वीट बांधावी म्हणजे ते तरंगून वर येत नाही, आणि मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा दोन-तीन पदरी गुंडाळावा म्हणजे शेवाळ, कमळाची कुजलेली पाने व लहान मासे आत ओढले जात नाहीत.

वेळेचा हिशेब पुष्कळांना चकवितो. पातळीतील फरक एक मीटर असता, घर्षण नसते तर पाणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने निघाले असते. परंतु अर्ध्या इंचाच्या, पंधरा मीटर लांब नळीत भिंतींशी होणाऱ्या घर्षणापायी हा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या खाली येतो, मिनिटाला साडेपाच लिटरांच्या आसपास पाणी मिळते, आणि हजार लिटरांचा हौद रिता व्हावयास तीन तास लागतात. त्याच लांबीची एक इंची नळी घेतली तर मिनिटाला चौतीस-पस्तीस लिटर मिळून तेच काम अर्ध्या तासात उरकते. व्यास दुप्पट, पण पाणी सहापट. म्हणून नळी रुंद घ्यावी आणि जरुरीहून लांब ठेवू नये. काठ उंच असल्याने वेग घटत नाही, आणि नळीचे तोंड हौदात खोल बुडविल्याने तो वाढतही नाही. वेग ठरतो तो हौदातील पातळी आणि बाहेरचे तोंड यांच्या उंचीतील अंतराने. हौदाची पातळी उतरत जाते तसे हे अंतर कमी होते, आणि सरते शेवटचे पाणी सगळ्यांत अधिक वेळ खाते. जमीन सपाट असेल आणि तळे तिच्या पातळीखाली खणलेले असेल, तर बाहेरचे तोंड पाण्याच्या खाली जाऊच शकत नाही, आणि तेथे पंपावाचून तरणोपाय नाही.

येथे एका नामसादृश्याचा निकाल लावून टाकतो. औरंगाबादेस मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या नहरीत पाणी सखल भागातून बंद नळांवाटे उतरून पुन्हा वर चढते. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ साली रुजू झाल्यावर त्यांच्याकडे खानदेशात पांजरा नदीवर नळाचा जो सायफन उभारण्याचे काम आले, तेथेही पाणी नदीपात्राखालून पलीकडे जाते. ह्या रचना सायफन म्हणविल्या जातात खऱ्या, पण त्यांतील पाण्यावर वरून सतत भार असतो, त्यांत हवेच्या दाबाचे साह्य लागत नाही, आणि त्यांना अगोदर भरून घेण्याचीही गरज नसते.

कालव्याच्या काठावरून मात्र शेतकरी ज्या नळ्या टाकतात त्या अस्सल वक्रनलिका होत, आणि पाटबंधारे खात्याच्या परवानगीवाचून टाकलेल्या ह्या नळ्यांपायी शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, ही तक्रार दर उन्हाळ्यात दफ्तरी दाखल होते. डोंगरउतारावरच्या विहिरीत पाणी काठापासून फार खोल नसेल, तर खालच्या खाचरात ते ह्याच रीतीने, एक पैसा विजेला न देता, रात्रभर नेता येते. ह्या उपयोगाचा प्रसार व्हावा तितका झालेला नाही, ह्याचे मला वाईट वाटते.

स्नानकुंडाचे पाणी असेल तर त्यात क्लोरीन घातलेले असते. ते झाडांच्या मुळांशी किंवा ओढ्यात न सोडता, काही दिवस औषध न घालता उघडे ठेवून, मगच काढावे. कमळाच्या टाक्यातील पाणी ह्याउलट खतासारखे असते आणि ते आळ्यांत जाऊ द्यावे. काम संपविताना नळीचे हौदातील टोक प्रथम वर उचलावे, म्हणजे नळीतील सारे पाणी बाहेरच्या बाजूने निघून जाते आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही.

हौद धुऊन झाल्यावर तो नळाने भरावयाचा असतो, आणि त्या वेळी बहुतेक घरांत नळीचे टोक हौदात टाकून माणसे आपापल्या उद्योगास लागतात. आपल्या शहरांत नळाला पाणी ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या वेळी जाते. तोटी उघडी, नळीचे तोंड पाण्यात बुडालेले, आणि रस्त्याखालच्या नळातील दाब नाहीसा झालेला, अशी स्थिती आली की हौद उंचावर आणि सार्वजनिक नळ खाली असल्यामुळे तीच वक्रनलिका उलट दिशेने चालू होते, आणि हौदातले, टाक्यातले, क्वचित जंतुनाशक घातलेल्या बादलीतलेही पाणी साऱ्या आळीच्या पिण्याच्या नळात शिरते. नळ वापरून नळी भरण्याची जी रीत वर सांगितली, तिच्यातही म्हणूनच तोटीपाशी माणूस उभा हवा. हौद भरताना नळीचे तोंड काठाला दोरीने असे बांधावे, की हौद पूर्ण भरल्यावरही ते पाण्याच्या वर वीतभर राहील. त्या वीतभर हवेतून पाणी मागे जाऊ शकत नाही.